सध्या भांडण कोणाशी?

सरांना हाक मारली की ते आधी भलतीकडेच बघायचे. तुम्ही दारात असलात तर खिडकीकडे वळायचे, खिडकीत असलात तर कपाटाकडे. मग सावकाश मान फिरवत सगळी खोली पालथी घालायचे आणि तुम्ही सापडलात की हसून म्हणायचे, "हं, तिथे आहेस होय." मी त्यांच्या हाताखाली कामाला लागले त्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हा माणूस माझी थट्टा करतोय. आवाज कुठून आला हे कळायला दोन कान लागतात, एका कानाला नुसता आवाज कळतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि परीक्षेत लिहूनही आले होते. पण तेच ज्ञान समोर खुर्चीत बसून चहा पीत असलं की ओळखू येत नाही.

सरांचा डावा कान लहानपणीच गेला होता. ते त्याला 'मेलेला' म्हणायचे, तेही एखाद्या दूरच्या काकांबद्दल बोलावं इतक्या सहज. त्यामुळे ते कायम माणसाच्या डाव्या हाताला चालायचे, म्हणजे माणूस त्यांच्या उजव्या कानाशी राहायचा. रिक्षात बसताना ते आधी चढून डावीकडे सरकायचे. टेबलाशी बसले तर डावीकडे भिंत हवी. "भिंत काही बोलत नाही," म्हणायचे, "तिला त्या बाजूला ठेवलेली बरी."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. निशातगंजात एका ट्रस्टचं छोटं रुग्णालय होतं. त्याच्या कान विभागात सर लोकांच्या ऐकण्याची तपासणी करायचे. वडिलांच्या सरकारी नोकरीमुळे आम्ही नागपूरहून लखनऊला आलो होतो आणि जानकीपुरममध्ये राहायचो. धाकटा भाऊ मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर द्यायचा, आणि आईला दिवसभर मराठी बोलायला माणूस मिळायचं नाही. सर मूळचे अमरावतीकडचे. लखनऊत येऊन त्यांना तीस वर्षं झाली होती. मुलाखतीत त्यांनी माझं आडनाव वाचलं, चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "घरी फोडणीला तेल कोणतं?"

"फल्लीचं," मी म्हणाले.

शेंगदाण्याला फल्ली म्हणणारं माणूस त्यांना बऱ्याच वर्षांनी भेटलं असावं. "सोमवारपासून ये," म्हणाले. माझं प्रमाणपत्र त्यांनी उघडूनही बघितलं नाही.

तपासणीची खोली म्हणजे जाड दाराची, आतून मऊ अस्तर लावलेली एक मोठी पेटीच होती. पुढे छोटी काच. पेशंट आत, मशीन आणि आम्ही बाहेर. सरांनी पहिल्या दिवशी मलाच आत बसवलं आणि दार लावून घेतलं. अर्ध्या तासाने उघडलं.

"काय ऐकू आलं?"

"काहीच नाही, सर."

"मग पुन्हा बस."

तिसऱ्या वेळी मी वैतागून सांगितलं की माझा श्वास ऐकू येतो, छातीतले ठोके ऐकू येतात आणि थुंकी गिळली की कानात टक् असा आवाज होतो. सर खूश झाले. तो टक् म्हणजे घशातून कानाकडे जाणाऱ्या नळीचं दार उघडल्याचा आवाज, हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं आणि जेवायला सोडलं.

त्यांचे नियम दोन. पहिला, निकाल आधी तोंडाने सांगायचा नाही. ग्राफ पेशंटसमोर सरकवायचा आणि गप्प बसायचं. त्याने बघितला की मग बोलायचं. दुसरा नियम म्हणजे एक प्रश्न. आत बसवण्यापूर्वी ते प्रत्येक वयस्क पेशंटला अगदी अदबीने विचारायचे, "आजकल झगड़ा किससे चल रहा है?"

लोक गोंधळायचे. काही चिडायचे. पण घटकाभरात उत्तर यायचंच. सून मुद्दाम तोंडातल्या तोंडात बोलते. मुलगा पाठ फिरवून बोलतो. बायको चार वेळा विचारल्यावर ओरडते. सर ऐकून घ्यायचे आणि ग्राफच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायचे, 'बहू', 'बेटा', 'बेगम'. तपासणी झाली, ग्राफ सरकवून झाला, की त्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणायचे, "बहू की ग़लती नहीं है. कान की है. जाकर बता दीजिए."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून रोज ऐकलं. काही म्हातारे ते ऐकून रडायचे, काही खिशातून पानाची डबी काढून सरांपुढे धरायचे. मला तेव्हा वाटायचं, केवढा साधा उपाय आहे हा. माणसाला नुसतं खरं सांगायचं.

लखनऊच्या जुन्या चौक भागातला एक म्हातारा कारागीर असाच आला होता. चिकनच्या कापडावर नक्षी छापायचे लाकडी ठसे कोरायचा. छिन्नीवर ठोकून ठोकून त्याचे दोन्ही कान गेले होते. सरांनी विचारलं, झगड़ा किससे? तो म्हणाला, "किसी से नहीं, हुज़ूर. अब कोई बात ही नहीं करता." सरांची पेन्सिल तशीच थांबली. त्या ग्राफचा कोपरा त्यांनी कोरा ठेवला आणि तपासणी झाल्यावर त्याला तासभर समोर बसवून, कागदावर लिहून लिहून गप्पा मारल्या. बाहेर रांग ओरडत होती.

त्याच कारागिराने सरांना कानातली तीन हाडं शिसवीत कोरून दिली. खरी हाडं तांदळाच्या दाण्यांसारखी. ही चांगली वीतभर होती. हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकिबीवर त्याने एक बुट्टीही कोरली होती. नुसतं सपाट लाकूड सोडायचं त्याच्या हाताला जमलं नसावं. सरांनी पुढे पत्र्याचं नरसाळं जोडलं, त्याला ढोलकीचं छोटं कातडं ताणून पडदा केला, मागे तीन हाडं तारेने अडकवली आणि शेवटी पुठ्ठ्याचा गोगलगायीसारखा शंख, आतून लाल मखमल लावलेला. नरसाळ्यापाशी टाळी वाजवली की कातडं थरथरायचं, हातोडी ऐरणीला ढकलायची, ऐरण रिकिबीला, आणि रिकीब शंखाच्या दाराशी धडका द्यायची.

"खरी गंमत इथं आहे," सर शंख उघडून दाखवायचे. "आत पाणी असतं, आणि पाण्यात अशी मखमल. बारीक बारीक केस. पाणी हललं की केस हलतात, आणि केस हलले की मेंदूला निरोप जातो. आता बघ, बारीक, उंच सूर दाराशीच ऐकले जातात. जाड सूर आत, पार टोकाला. पण दारातून सगळ्यांनाच जावं लागतं. सतरंजी कुठं झिजते आधी? दाराशी. म्हणून म्हातारपणी बारीक आवाज पहिले जातात. स, श, च, थ. बोलणाऱ्याचा आवाज पोचतो, पण शब्दांच्या कडा पोचत नाहीत. मग म्हातारा म्हणतो, सून पुटपुटते."

हे मी त्यांच्याच तोंडून शिकले. म्हणून पुढचं सांगताना मला अजूनही लाज वाटते.

त्यांचा डावा कान गेला तो गालगुंडाने, सहाव्या-सातव्या वर्षी. ताप उतरला आणि एक बाजू बंद झाली. डॉक्टरांनी दोन्ही कानांशी काहीतरी वाजवून बघितलं आणि कान उत्तम आहेत म्हणून सांगितलं. त्यात डॉक्टरांची चूक अशी की मेलेल्या कानाशी मोठा आवाज केला तर तो कवटीच्या हाडातून पलीकडे जातो आणि चांगला कान तो ऐकतो. पोराने मान हलवली, डॉक्टर निवांत. पुढे दोन वर्षं सरांनी शाळेत डावीकडून बोलणाऱ्या मास्तरांचा मार खाल्ला, लक्ष देत नाही म्हणून.

खरं काय ते त्यांच्या मोठ्या बहिणीने शोधून काढलं. ताईने एकदा त्यांच्या उजव्या कानावर तळवा ठेवला, तो जोरजोराने चोळला आणि डाव्या कानात काहीतरी सांगितलं. सरांना ऐकू आलं ते फक्त तळव्याचं खसखसणं. ताई आईकडे धावत गेली, "भाऊचा एक कान चोमडा आहे. दुसऱ्याचं ऐकतो आणि आपलं म्हणून सांगतो."

"मशीनमधून आपण जो वाऱ्यासारखा आवाज सोडतो ना चांगल्या कानात," सर सांगायचे, "तो म्हणजे माझ्या ताईचा तळवा. मला कोर्स नंतर मिळाला." कुठलीही तपासणी सुरू करताना ते मला विचारायचे, "चोमड्याला गप्प बसवलंस?" गावची शाळा एकाच खोलीत भरायची. त्या दिवसापासून ताई त्यांच्या डाव्या बाजूला बसायला लागली आणि मास्तर बोलले की कोपराने ढोसायला लागली. तिची शाळा चौथीनंतर सुटली. तोवर सर पुढच्या बाकावर गेले होते.

सरांनी लग्न केलं नाही. एकदा मुलगी बघायला गेले होते, तेव्हा तिने डावीकडून विचारलं की साखर किती घालू. हे समोर बघत बसले. घमेंडखोर आहे म्हणून तिकडून नकार आला. "बरोबर होतं तिचं," सर म्हणायचे. निशातगंजात भांड्यांच्या दुकानावरची एक खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. खाली दिवसभर पितळ आणि स्टीलचा खणखणाट. मी एकदा विचारलं, तिथे झोप कशी लागते. म्हणाले, "उजवा कान उशीत घातला की लखनऊ संपतं."

आईने त्यांना दोन-तीनदा रविवारी जेवायला बोलावलं. भिंतीच्या बाजूने पाट मांडला तर सर किती खूश झाले. आई वाढता वाढता बोलत होती आणि ते मान हलवत जेवत होते. ते गेल्यावर आई म्हणाली, "माणूस चांगला आहे, पण किती दिवसांचा उपाशी आहे." मी म्हणाले, दोनच पोळ्या खाल्ल्या त्यांनी. आई म्हणाली, "पोळ्यांचं नाही बोलून राहिली मी."

त्यांच्या आयुष्यात बोलणारं माणूस एकच, ताई. तिच्या घरी फोन नव्हता, आणि चौथी शिकलेल्या हाताला पत्र लिहायचा कंटाळा. म्हणून दर महिन्याला ती कॅसेट पाठवायची, कापडात शिवलेली, वर भाच्याच्या अक्षरात पत्ता. शनिवारी दुपारी ओपीडी संपली की सर टेपरेकॉर्डर घेऊन पेटीत जाऊन बसायचे आणि दार लावून घ्यायचे. काचेतून मला त्यांचा चेहरा दिसायचा. मान थोडी खाली, उजवा कान पुढे, ओठांवर हसू. मग त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला उत्तर भरायचे आणि सोमवारी टपालात टाकायचे. आठवड्याभरात मराठी बोलायचे ते माझ्याशी, आणि महिन्यातून एकदा त्या कॅसेटशी.

आता मशीनबद्दल. मशीन रोज सकाळी बरोबर आहे की नाही हे बघण्याची सरांची पद्धत होती. पेशंट यायच्या आधी ते स्वतः हेडफोन लावायचे, जाड सुरापासून बारीक सुरापर्यंत सगळे ऐकायचे आणि रजिस्टरमध्ये लिहायचे, 'मशीन बरोबर.' हे काम त्यांनी मला कधी करू दिलं नाही. मोजायची पट्टी एकच हवी, म्हणायचे. पट्टी म्हणजे त्यांचा उजवा कान.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी, आषाढात, त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'बारीक सूर कमजोर.' आठवड्याने, 'फारच कमजोर.' कंपनीला पत्र गेलं. दिल्लीहून इंजिनिअर आला, आपलं मापाचं यंत्र लावून दिवसभर खटपट केली आणि मशीन उत्तम आहे असं लिहून देऊन गेला. सर भडकले. "याचं यंत्रच बिघडलेलं," म्हणाले. दुपारी ते चहाला गेले तेव्हा मी हेडफोन लावून बघितलं. सगळे सूर जागच्या जागी होते. सुईच्या टोकासारखे.

मी हेडफोन काढून ठेवला आणि शिसवीच्या हाडांकडे बघत बसले. मागे लाल मखमल होती. सतरंजी कुठं झिजते?

ज्या माणसाने शेकडो म्हाताऱ्यांना हे समजावलं, त्याला स्वतःचं कळू नये याचं तुम्हाला नवल वाटेल. मला आता वाटत नाही. ते रोज सकाळी कान तपासत होते, म्हणजे त्यांच्या मते मशीन तपासत होते. कानावर शंका घ्यायची तर पट्टीच टाकून द्यावी लागणार होती, आणि त्यांच्याकडे दुसरी पट्टी नव्हती.

सांगायला हवं होतं. पण त्यांच्या निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलं होतं, आणि एकाच कानाच्या माणसाला तोही चाललाय हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी पळवाट काढली. मशीन कमजोर आहे असं धरून सर पेशंटच्या ग्राफमध्ये बारीक सुरांना थोडी सूट द्यायला लागले होते, म्हणजे बहिरा माणूस कागदावर कमी बहिरा दिसायचा. पक्के ग्राफ मात्र मीच काढायचे. मी ती सूट गुपचूप काढून टाकायचे. पेशंटला खरा ग्राफ मिळत होता, सरांची बूज राहत होती. कुणाचंच काही बिघडत नाही असं मी स्वतःला सांगितलं आणि ते मला पटलंही.

श्रावणातल्या एका शनिवारी सर पेटीतून कपाळाला आठ्या घालून बाहेर आले.

"ताई हल्ली पुटपुटते," म्हणाले. "दोन-तीन महिने झाले. आवाज येतो, पण बोलते काय ते कळत नाही. दात पडलेत तिचे बरेच, त्याचंच असणार. तू ऐक बरं."

त्यांनी पहिल्यांदाच मला ताईची कॅसेट ऐकवली. मी पेटीत बसले आणि ते काचेपलीकडे उभे राहिले. ताईचा आवाज थोडा घोगरा होता, पण बोलणं लख्ख. गाय व्यायली होती, संत्र्याला यंदा बहर बरा होता, आणि भाऊ, तू जेवतो की नाही वेळेवर. मागे कुकरची शिट्टी, कढईत फोडणी तडतडल्याचा आवाज, सगळं. एक अक्षर हरवलेलं नव्हतं.

मी बाहेर आले. सर माझ्या तोंडाकडे बघत होते. त्या क्षणी दोनच उत्तरं होती, आणि मी सोपं दिलं.

"हो सर. जरा अस्पष्टच आहे."

त्यांना किती हायसं वाटलं ते मला दिसलं. त्यांनी माझ्यासमोरच बटण दाबलं. ताईशी ते वऱ्हाडीत बोलायचे. "ताई, तुह्या बोलन्यातलं काही समजून नाही राह्यलं. दातायचं काही तरी पाह्य. मी एकटाच नाही म्हनत, इथली पोरगीबी म्हनते." मग बटण बंद केलं आणि माझ्याकडे बघून हसले.

भादव्यात कॅसेट आली नाही. आश्विनात भाच्याचं पोस्टकार्ड आलं, 'आई बरी आहे, कॅसेट नंतर पाठवेल.' सर म्हणाले, रागावली. मग दिवाळी आली. दर भाऊबीजेच्या आधी ताईची एक खास कॅसेट यायची. त्यात ती ताम्हण घेऊन ओवाळल्याचं सगळं बोलून दाखवायची. आता कुंकू लावते, आता अक्षता टाकते, आता सुपारी फिरवते. सर पेटीत टोपी घालून बसायचे. त्या वर्षी भाऊबीजेला ते टोपी घेऊन आले. रजा होती, तरी आले, आणि मी कपाटाची चावी परत द्यायला गेले तेव्हा ते बंद टेपरेकॉर्डरसमोर पेटीत बसलेले होते. दार उघडंच होतं. मी हाक मारली. त्यांनी आधी भिंतीकडे बघितलं.

मी ते आणखी बघू शकले नाही. पुढच्या सोमवारी पेशंट यायच्या आधी मी म्हणाले, "सर, आत बसा. मला तुमचा ग्राफ काढायचा आहे."

त्यांनी हेडफोन स्वतःच लावला. मी विचारलं, चोमडा? तर म्हणाले, "उजवा तपासायचा ना? मग चोमडा कोण उरला आहे माझ्याकडे. जो आहे तो एकटाच."

जाड सुरांना त्यांचं बोट लगेच वर यायचं. मग मी वरच्या सुरांकडे गेले आणि बोट उशिरा यायला लागलं. मग थांबलं. मी आवाज वाढवत गेले, चकती फिरवत गेले. काचेपलीकडे सर डोळे मिटून, मान पुढे घालून बसले होते, कॅसेट ऐकताना बसत तसेच. बोट मांडीवर. मला रडू आलं, ते काचेमुळे त्यांना ऐकू जाणार नव्हतं.

ते बाहेर आल्यावर मी ग्राफ सरकवला आणि गप्प बसले. उजव्या कानाच्या खुणेचे लाल गोल सरळ जात जात एकदम जिना उतरावा तसे खाली गेले होते. त्यांनी तो जिना पायरी पायरीने बघितला. मग त्यांची नजर वरच्या कोपऱ्यात गेली. तिथे मी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'ताई'.

त्यांनी विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"आषाढापासून."

"आणि ती कॅसेट?"

"स्पष्ट होती, सर. शब्दन् शब्द."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि रोज पेशंटशी बोलायचे त्याच अदबीच्या आवाजात, स्वतःशीच म्हणाले, "दीदी की ग़लती नहीं है. कान की है. जाकर बता दीजिए." मग ग्राफची घडी करून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी हेडफोन आणि रजिस्टर माझ्या टेबलावर होतं. सुट्टी मिळाली की अमरावतीला जातो आणि ताईच्या पायांवर डोकं ठेवून सांगतो, असं ते रोज म्हणायला लागले. तोवर निदान कॅसेट भरून पाठवतो, या शनिवारीच.

शुक्रवारी टपाल आलं. कापडात शिवलेली कॅसेट.

सर शनिवारपर्यंत थांबले नाहीत. जेवायच्या सुट्टीत आम्ही दोघं पेटीत बसलो. त्यांनी मला उजवीकडे बसवलं आणि बटण दाबलं. आधी ताईचा श्वास ऐकू आला. मग ती बोलायला लागली, सावकाश, एकेक शब्द सोडून सोडून, आणि प्रत्येक शब्दामागे बारीकसा कट् आवाज.

"भाऊ. आता येते का रे साफ आयकू? तू म्हनला तेव्हाच डाक्टरकडे गेली होती. सात दात होते बाकी, ऊस सोलता ये अजून. डाक्टर म्हने राहू द्या. म्या म्हनलं, नाही, माह्या भावाले समजत नाही. सारे काढले. हिरड्या भरेपर्यंत बोलताच नाही ये. मग नवी बत्तिशी बशिवली. पयले तं नुसता थुका उडे. रोज सकायी आरशापुढे बसून पाढे म्हनले, मग ही कॅसेट भरली. भाऊबीज हुकली, त्याचं वाईट नको मानू."

टेप पुढे फिरत राहिली. सरांनी माझ्याकडे बघितलं. "आवाज बदलला तिचा," म्हणाले. "काय म्हणते?"

मी सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. सात दात सांगितले, ऊस सांगितला, आरसा सांगितला. माझ्या तोंडाकडे बघत ते ऐकत होते. सांगून झाल्यावर त्यांनी टेप बंद केली आणि खिशातून घडी केलेला ग्राफ काढला. तो मांडीवर ठेवून हाताने सपाट केला. मला वाटलं, आता ते सांगतील. इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगत आले ते वाक्य आता ते ताईला सांगतील.

त्यांनी ग्राफ पुन्हा दुमडला, कॅसेट उलटी केली आणि लाल बटण दाबलं.

"ताई, आता साफ आयकू येते. एकेक अक्षर. लय चांगली बत्तिशी बशिवली तुह्या डाक्टरनं." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मी एकटाच नाही म्हनत. इथली पोरगीबी म्हनते." आणि टेपरेकॉर्डर त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

चाकं फिरत होती. मी वाकून म्हणाले, "हो ताई, शब्दन् शब्द स्पष्ट येतोय."

ते खरं होतं. श्रावणात म्हणायचं ते वाक्य मी कार्तिकात म्हणाले, आणि मधल्या काळात ताईचे सात दात गेले.